नात्याचा रकाना

मास्तरीण कधीच कुठल्या शाळेत शिकवत नव्हती. ऑफिसात तिला हे नाव पडलं ते तिच्या सवयीमुळे. कुणाच्या कोडमध्ये एखादा कंस इकडचा तिकडे झाला, की ती उठून थेट त्याच्या टेबलापाशी जायची आणि उभ्या उभ्या दहा मिनिटं ऐकवायची. चुकणाऱ्याला ती क्षमा करायची, पण आधी पूर्ण ऐकवून मग.

तिचं काम सांगायला सोपं होतं. शहरातल्या डायलिसिस केंद्रांची सगळी नोंद एका सर्व्हरवर असायची. रुग्ण कोण, त्यांचे वार कुठले, त्यांना घरून आणायला कुठली गाडी जाणार, सगळं. सर्व्हर दुसऱ्या संस्थेचा. मास्तरणीच्या कंपनीतल्या प्रोग्रामना त्यातली माहिती हवी असली की त्याला इंटरनेटवरून विचारायचं, आणि तो उत्तरादाखल मजकुराचं एक लांबलचक भेंडोळं पाठवायचा. कंसात कंस, त्यात आणखी कंस. त्या भेंडोळ्यातून नीट घडी घातलेल्या वस्तू काढून देणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोड, मास्तरणीने लिहिली होती. बाकीच्यांनी कंसांकडे बघायचंच नाही. 'रुग्ण' मागितला की हातात रुग्ण. त्याला नाव असणार, पत्ता असणार, डायलिसिसचे वार असणार, आणि जवळचा नातेवाईक असणार. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या खणात.

सर्व्हरवाल्यांनी मात्र तिचा छळ मांडला होता. फोन नंबर कधी नुसता आकडा म्हणून यायचा आणि सुरुवातीचं शून्य गायब व्हायचं. रुग्णाला आठवड्यात डायलिसिसची एकच पाळी असली तर ती सुटी यायची, दोन असल्या तर यादीत बसून. पत्ता माहीत नसला की कधी रिकामी जागा, तर कधी चक्क 'नाही' हा शब्द. एक बाई महिनाभर गाडीच्या यादीत 'नाही' इथे राहत होत्या. मास्तरीण चिडून पानभर मेल लिहायची. पलीकडून एका ओळीचं उत्तर यायचं, 'योग्य ती नोंद घेतली आहे.' खाली नाव नाही, गाव नाही. ऑफिसात त्या न दिसणाऱ्या माणसाला सगळे 'नोंदवाले' म्हणायला लागले होते.

मग तिने लायब्ररी कडक केली. जे ठरलेलं नाही ते आत घ्यायचं नाही. जिथे गडबड दिसेल तिथेच ओरडायचं आणि थांबायचं. एकदा सर्व्हरने तारखांतला दिवस आणि महिना उलटे करून पाठवले, तेव्हा या कडकपणामुळेच निभावलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. झालं, त्यानंतर तिच्या आवाजाला जास्तच धार आली.

त्या गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे तिच्या दादाची बायको. तिघं एकाच घरात राहायची. वहिनी सगळ्यात मोठ्या डायलिसिस केंद्रात गाड्यांचं काम बघायची आणि कामाच्या वेळात कधी फोन करायची नाही.

"मला एक सांग, तुमच्या यादीतून घड्याळकाका कुठे गेले?"

"कोण घड्याळकाका?"

"घड्याळं दुरुस्त करतात ते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी यादीत नाव नाही, मंगळवारी नाही. गाडी गेलीच नाही त्यांच्याकडे. आज कुणाच्या तरी सामानाच्या टेम्पोत बसून आलेत. पाय हे एवढे सुजलेत, श्वास लागलाय. दोन पाळ्या चुकल्या त्यांच्या. कळतंय का तुला?"

"त्यांनी फोन नाही केला?"

"केला की! उचलणाऱ्याने यादी बघितली. म्हणाला, नाव नाही म्हणजे तुमची पाळी बदलली असेल, निरोप येईल. आणि चालकाला वाटलं, काका दुसऱ्या केंद्रात गेले. सगळ्यांना काही ना काही वाटलं."

"वहिनी, सर्व्हरने नाव पाठवलं नसेल. माझी लायब्ररी..."

"तुझी लायब्ररी घाल चुलीत," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तरणीने लगेच सर्व्हरला विचारलं. घड्याळकाका तिथे होते. नाव, पत्ता, तीनही वार, सगळं जागच्या जागी. ती उठली आणि दाढीवाल्याच्या टेबलापाशी गेली. लायब्ररीकडून रुग्ण घेऊन गाड्यांची यादी बनवणारा प्रोग्राम दाढीवाल्याचा होता. त्याच्या कोडमध्ये तिला हवी ती ओळ दोन मिनिटांत सापडली. एखादा रुग्ण वाचताना चूक आली, तर तो सोडून पुढे जा.

"सोडून पुढे जा? अरे, माणसं आहेत ती!"

"मला का ओरडतेस?" दाढीवाला म्हणाला. "तुझी लायब्ररी एका माणसापायी अख्खी यादी बंद पाडत होती. चारशे लोकांना घरी बसवायचं होतं का?"

"मग सोडलेली नावं कुठेतरी लिहून तरी ठेवायची."

"ठेवलीयेत. रोज फाइलमध्ये जातात."

"ती फाइल कोण वाचतं?"

"मला वाटलं तू वाचतेस."

"मी का वाचू?"

"मग मी तरी का वाचू? ओरडते तुझी लायब्ररी, ऐकायचं मी?"

तिने फाइल उघडून फक्त काकांचा क्रमांक शोधला. शुक्रवार संध्याकाळपासून रोज, शनिवारची यादी बनल्यापासून, तीच ओळ होती: 'नाते ओळखीचे नाही: गिऱ्हाईक.'

सर्व्हरवाल्यांच्या माहितीपत्रकात नाती नऊ होती. आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि इतर. मास्तरणीने लायब्ररीत ती नऊच्या नऊ खिळे ठोकल्यासारखी पक्की केली होती. दहावं आलं की ओरडायचं. आणि आता दहावं आलं होतं. गिऱ्हाईक! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांनी दोघांना बोलावलं. झालेल्या प्रकाराने ते घाबरले होते, आणि घाबरले की ते कागद मागत. "चूक कुणाची, ते मला एका ओळीत लिहून द्या," ते म्हणाले. मास्तरणीने तिथल्या तिथे लिहिलं, 'सर्व्हरवाल्यांची.' मग कागद त्यांच्या हातात देऊन पर्स उचलली आणि नोंदवाल्यांना गाठायला निघाली.

संस्थेचं नोंदणी कार्यालय मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर होतं. वहिनीचं केंद्र त्याच इमारतीत वर. पुढे काचेची खिडकी, खिडकीपुढे बाकं, बाकांवर इस्पितळातल्या सगळ्या विभागांची माणसं. मागच्या खोलीत छतापर्यंत फाइलींची कपाटं आणि त्यांच्या मधोमध एका टेबलापाशी साठीला आलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला एक गृहस्थ. बाकी कुणीच नाही. मास्तरणीने सात-आठ जणांच्या फौजेशी भांडायची तयारी केली होती.

"इथे सर्व्हरचं काम कोण बघतं?"

"मीच."

"आणि मेलना उत्तरं?"

"तीही मीच. तुम्ही त्या लांब मेलवाल्या का? बसा ना."

ती बसली नाही. "नऊ नाती ठरवून दिली होतीत तुम्ही. मग हे गिऱ्हाईक मधेच कुठून आलं?"

"दुकानातून आलं असेल," नोंदवाले म्हणाले. मग तिचा चेहरा बघून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अहो, 'इतर'ची फार ओरड होती. रात्री-बेरात्री रुग्णाचं काही झालं तर डॉक्टर विचारतात, इतर म्हणजे कोण? काय म्हणून बोलायचं त्यांच्याशी? म्हणून मागच्या महिन्यात खिडकीवर सोय केली. इतर असेल तर काय ते टाइप करायचं."

"आणि तेच आम्हाला पाठवायचं? न सांगता?"

"मी नोंद घेतली होती." त्यांनी खरोखरच एक जाडजूड वही काढून पान दाखवलं. तारीखवार, सुवाच्य अक्षरात. "कळवायचं राहिलं. एकटा माणूस आहे मी."

मास्तरणीने हात टेकले. "हे बघा, मला वीस नाती द्या, तीस द्या, काही हरकत नाही. पण यादी ठरवून द्या. रचना म्हणजे रचना असते. त्यात उद्या काहीही येऊन बसलं तर मी काय करायचं?"

"ठरवू ना. तुम्हीच ठरवा," नोंदवाले उठत म्हणाले. त्यांनी तिला खिडकीवरच्या बाईंच्या मागे एक स्टूल दिलं. "तासभर बसा. मला जमलेलं नाही, तुम्हाला जमलं तर बघा."

रागाच्या भरात ती बसली आणि वही काढून यादीचा पहिला आकडा टाकला.

पहिला आला तो पन्नाशीचा माणूस. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "जवळचं नातेवाईक कोण?"

"बायको लिहा. म्हणजे आधीची. आताच्या बायकोला रक्त बघवत नाही, तिला फोन केलात तर तिलाच दाखल करावं लागेल."

मास्तरणीने लिहिलं, आधीची बायको.

मग एक म्हातारी. "सून."

"मुलगा नाही का, आजी?"

"आहे ना. पण फोन सून उचलते."

मग एक तरुण, त्याची घरमालकीण. मग दोन वयस्क बायका, एकीच्या हातात दुसरीची पिशवी. "आम्ही एकत्र राहतो," पिशवीवाली म्हणाली.

"बरं. नातं काय लिहू? बहीण?"

"बहीण कशाला? एकत्र राहतो म्हटलं ना."

खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे टाइप केलं, 'एकत्र राहतात.' मास्तरणीला स्टुलावर बसवेना. हे नातं नव्हेच, हे तर वाक्य आहे! पण दुसरं काय लिहिता आलं असतं, तेही तिला सुचेना.

त्यानंतर जो आला त्याने डोकंच हलवलं. "कुणी नाही."

"कुणीतरी लागतंच हो," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

"नाही तर नाही. कुठून आणू? तुमचं लिहा."

बाईंनी स्वतःचा फोन नंबर टाइप केला, आणि नात्याच्या रकान्यात 'खिडकी' असं लिहिलं. तो गेल्यावर मास्तरणीने न राहवून विचारलं, "असं चालतं?"

"हे तिसरे," बाई म्हणाल्या. "चालतं का, ते मला कुणी विचारलेलं नाही. रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नाही. तुमच्यासारख्याच कुणीतरी बनवलंय ते."

चौदाव्या नात्यानंतर मास्तरणीने आकडे टाकणं बंद केलं. वही मिटली आणि जिना चढून ती वहिनीच्या केंद्रात गेली.

वहिनी तिला घड्याळकाकांपाशी घेऊन गेली. त्यांना यंत्राला जोडलेलं होतं. सत्तरीचा काटकुळा माणूस, पण पाय उशीसारखे फुगलेले. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसचालक बसला होता. गिऱ्हाईक तो हाच. आठ वर्षांपूर्वी त्याने एक मनगटी घड्याळ दुरुस्तीला आणलं, ते दर पंधरा दिवसांनी मागे पडायचं, आणि तो दर पंधरा दिवसांनी दुकानात यायचा. पुढे पुढे घड्याळ ठीक चालत असलं तरी यायचा. काकांची बहीण महिन्यापूर्वी वारली. तिच्या जागी कुणाचं नाव द्यायचं असं मागच्या आठवड्यात खिडकीवर विचारल्यावर काकांनी याचं दिलं. आजचा टेम्पोही त्यानेच मिळवला होता.

"काका, गाड्यांच्या यादीचा प्रोग्राम आमच्या कंपनीचा आहे," मास्तरीण म्हणाली.

"हं. मग मला काढलं कुणी?"

वाटेत जिन्यावर तिने तीन-चार उत्तरं जुळवली होती. सर्व्हरने न कळवता केलेला बदल, दाढीवाल्याची ती ओळ, न वाचलेली फाइल. सगळी खरी होती.

"मी," ती म्हणाली.

"का?"

"तुमच्या नातेवाइकाच्या नात्यात 'गिऱ्हाईक' आलं. मी नऊ नाती धरली होती. त्यात ते बसलं नाही."

काका शेजारच्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "अगं, मग याला सोडायचं होतंस. मला कशाला सोडलंस?"

इतक्या वर्षांत, इतक्या बैठकांत, हा प्रश्न तिला कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

"चुकलं माझं, काका. माफ करा."

"माफीने पाय उतरतात का? दोन दिवस पायरीवर बसलो मी, पहाटे साडेसहापासून. शेजारीपाजारी विचारायला लागले, कुठे निघालात. काय सांगणार?" त्यांनी मान पलीकडे वळवली. "जा आता. मला बोलून दम लागतो."

बसचालक तिला दारापर्यंत सोडायला आला. "राग मानू नका," तो म्हणाला. "दुकानातही असंच बोलतात." तिने राग मानलेलाच नव्हता. बोलणी खाण्याची सवय नसल्यामुळे तिचे कान तेवढे तापले होते.

शुक्रवारी सकाळी ती ऑफिसात आली आणि आपली खुर्ची ओढत दाढीवाल्याच्या टेबलापाशी नेली. तो दचकला.

"ऐकवायला नाही आले," ती म्हणाली. "सरक."

दोघं दुपारपर्यंत भांडत भांडत बसले. तिने नात्याचे नऊ खिळे उपटले. नातं आता जसं येईल तसं, त्याच शब्दांत, रुग्णाबरोबर राहणार होतं. ओळखीचं असलं तर त्यावर खूण, नसलं तर नाही. तारीख किंवा वार चुकीचा असला तर लायब्ररी अजूनही ओरडणार होती, यावर ती हटून बसली. पण एखादा खण कळला नाही म्हणून माणूसच यादीतून गाळायचा नाही. आणि दाढीवाल्याच्या बाजूने, जो रुग्ण वाचताच आला नाही त्याचा क्रमांक यादीच्या अगदी वर, लाल अक्षरांत छापायचा, म्हणजे वहिनीला पहिल्यांदा तोच दिसेल.

"लाल म्हणजे फार भडक होईल," दाढीवाला म्हणाला.

"होऊ दे भडक."

अडीच वाजता त्यांनी जुनी आणि नवी लायब्ररी एकापाठोपाठ एक चालवली. जुनीने चारशे एक रुग्ण दिले. नवीने चारशे बारा.

अकरा. त्यातले एक घड्याळकाका. राहिले दहा. महिनाभरात डायलिसिसच्या ज्या ज्या रुग्णाचं नातं खिडकीवर टाइप केलं गेलं होतं, ते सगळे.

मास्तरणीने वहिनीला फोन लावला. पाच पाच जण वाटून घेतले. सहा जणांना घरचे आणून सोडत होते. त्यांना वाटलं होतं, गाड्यांची सोय बंद झाली. त्यातल्या एकाने वहिनीला तिच्या सात पिढ्या आठवतील इतकं सुनावलं. दोघं बसने येत होते. एक जण चिडून दुसऱ्या केंद्रात निघून गेला होता आणि परत येणार नव्हता. दहावी एक बाई, एकटी राहणारी. ती फोन उचलेना. तिची गुरुवारची पाळी चुकली होती.

"तिचं नातेवाईक कोण लिहिलंय?" वहिनीने विचारलं.

मास्तरणीने बघितलं. "नात्यात लिहिलंय 'समोरची.'"

"लाव तिला."

समोरचीने सातव्या घंटेला उचललं. "कोण बोलतंय? थांबा, दूध उतू जातंय." आणि फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मास्तरीण "अहो, ऐका, अहो बाई!" करत राहिली. पलीकडे भांडी वाजली, नळ सुरू झाला, नळ बंद झाला. दाढीवाल्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं. अखेर समोरची परत आली, काय झालंय ते ऐकलं, आणि म्हणाली, "किल्ली आहे माझ्याकडे. बघते." या वेळी तिने फोन बरोबर नेला. जिना, दार, हाका. मग समोरचीचा आवाज, "पडून आहे. बोलतेय, पण उठवत नाहीये तिला. गाडी पाठवा ना लवकर, बोलत काय बसलात!"

वहिनीने गाडी पाठवली. संध्याकाळी ती बाई यंत्रावर होती आणि शनिवारी उठून बसली. घड्याळकाकांचे पाय उतरायला मात्र आठवडा गेला.

साहेबांनी एका ओळीचा कागद तसाच वर पाठवायचं ठरवलं होतं. मास्तरणीने तो परत मागितला आणि त्याजागी पाऊण पान लिहून दिलं, त्यात पहिलं नाव स्वतःचं. "मी एक ओळ मागितली होती," साहेब कुरकुरले. "एका ओळीत मावत नाही," ती म्हणाली. घरी दादाने दोघींना एकत्र बसून बोलताना पाहिलं आणि काही न विचारता आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. दोघींच्या मधे न पडण्यात तो तरबेज होता.

पुढच्या बुधवारी नोंदवाल्यांची मेल आली. पहिल्यांदाच दोन ओळींची. 'उद्यापासून वारांच्या रकान्यात बदलीचे वारही येतील. कोणत्या स्वरूपात, ते अद्याप ठरलेले नाही.'

मास्तरणीने ती दोनदा वाचली. मग फोन उचलला.

"उद्यापासून, आणि ठरलेलं नाही? म्हणजे काय हो?"

"म्हणून तर आधी कळवलं," नोंदवाले म्हणाले.